सांगलीकर, सांगलवाडीकर आणि मधला पूल

पत्र

ताईंस नमस्कार,

मी पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवतो. पट ३४. गेल्या महिन्यात एका कंपनीच्या मदतीतून शाळेला एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची ४ मोठी खोकी मिळाली. सोबतच्या पत्रकात छापलंय, 'यातून मुलांमध्ये संघभावना व संवादकौशल्य विकसित होते.' मी हौसेनं चार गट केले आणि 'पूल बांधा' म्हणून सांगितलं. पुढच्या ४० मिनिटांत काय विकसित झालं ते ऐका. एका गटात एकटा हुशार मुलगा बांधत होता, बाकीचे बघत होते. दुसऱ्यात मुली नुसते सांडलेले ठोकळे गोळा करत होत्या. तिसऱ्यात हाणामारी. चौथ्यातली एक मुलगी तशीही वर्गात कधी बोलत नाही, ती भिंतीला टेकून बसली ती तास संपेपर्यंत. त्यात मुख्याध्यापक दारात येऊन उभे. म्हणाले, 'सर, ही खेळणी कपाटात ठेवा आणि नवोदयच्या परीक्षेचं घ्या.' ताई, माझं काही चुकलं, की हे प्रकार शहरातल्या शाळांसाठीच असतात?

– एक शिक्षक

उत्तर

सर,

मुख्याध्यापकांनी कपाट म्हटलंय, कुलूप म्हटलेलं नाही. तेवढ्यावर आपलं भागेल.

आधी साधा हिशोब करू. ३४ मुलं आणि ४ खोकी, म्हणजे एका खोक्याभोवती आठ-नऊ जण. मॅक्स रिंगेलमन नावाचा एक फ्रेंच शेतकी इंजिनिअर होता. त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि ते आकडे १९१३ साली छापले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो, त्याच्या जेमतेम निम्मा जोर आठ जणांच्या गटात माणशी पडत होता. रस्सीखेच खेळलेल्या माणसाला हे सांगायला फ्रान्सहून कुणी यायला नको. शेवटचे दोघे दोराला नुसते लोंबकळून 'जोर लगाके हैशा' ओरडत असतात, आणि सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो. तुमच्या वर्गात आठ-आठचे गट झाले तिथंच निम्मा वर्ग दोराला लोंबकळला.

दुसरी गोष्ट कामाची. 'पूल बांधा' हे काम एकट्याला जमण्यासारखं आहे. ज्याचे हात चपळ, तो ते करून मोकळा होणार. त्याला बाकीच्यांची गरजच पडली नाही, मग तो त्यांच्याशी बोलेल कशाला? स्वार्थी म्हणून त्याला रागावला असाल तर उद्या त्याची समजूत काढा. गट करून बसवलं म्हणजे गटानं काम होतं असं नाही. बोलल्याशिवाय पुढं सरकणारच नाही असं काम हवं. एकाला दिसतंय पण त्यानं हात लावायचा नाही, दुसऱ्याचे हात मोकळे आहेत पण त्याला दिसत नाही. एवढी एक अडचण मुद्दाम पेरायची. संघभावनेवर भाषण करायची गरज राहत नाही.

तुमच्याकडची पोरं हे घरी बघतातच की. द्राक्षाच्या हंगामात शेडमध्ये एकजण कात्रीनं खराब मणी काढतो, एकजण वजन करतो, एकजण खोकं भरतो. वजन करणारीचं लक्ष उडालं की भरणारीचे हात थांबतात, आणि मग जी हाक जाते ती सगळ्या शेडला ऐकू येते. तिथं कुणी कुणाला संवादकौशल्य शिकवलेलं नसतं.

आता करायचं काय ते सांगते. मी मिरजेत आणि मिरजेच्या पूर्व भागातल्या गावांत ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्तीनंतर शनिवारी एका शाळेत जाते. जे सांगतेय ते सगळं आधी चुकून मग जमलेलं आहे.

पहिल्या दिवशी पूल-बिल काही नको. या ठोकळ्यांवर जे उंचवटे असतात त्यांना माझी मुलं 'दाणे' म्हणतात. दोन ओळींत चार-चार, म्हणून तो आठ दाण्यांचा ठोकळा. प्रत्येकाला असे सहा ठोकळे द्या. २०४ लागतील. कमी पडले तर अर्ध्या वर्गाला आज, अर्ध्याला उद्या. सांगा, 'बेंदराचा बैल करा. तीन मिनिटं. शेजाऱ्याचं बघायचं नाही.' तीन मिनिटांनी सगळे बैल व्हरांड्यात ओळीनं मांडा. एकाला शिंगं आहेत, एकाला वशिंड आहे, एकाचा बैल बसलेला आहे, एकाचा बैल फक्त त्यालाच बैल दिसतोय. डेन्मार्कमधले सोरेन आयलर्स नावाचे गणितज्ञ आहेत, त्यांनी हे मोजून काढलंय. आठ दाण्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ तऱ्हांनी जोडता येतात. आकडा फळ्यावर लिहा, मुलांकडून वाचून घ्या. एक्क्याण्णव कोटी म्हणताना पाचवीतली पोरं ज्या चेहऱ्यानं एकमेकांकडं बघतात तो बघण्यासारखा असतो. मग एवढंच विचारा: 'मी सगळ्यांना एकच शब्द सांगितला होता ना? मग एवढे वेगवेगळे बैल कुठून आले?' उत्तर तुम्ही देऊ नका. घंटा होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी पाठीला पाठ. दोघं-दोघं जमिनीवर पाठ टेकून बसतील. एकानं सहा ठोकळ्यांचं काहीही बनवायचं आणि तोंडानं सांगायचं. दुसऱ्यानं तेच सहा रंग घेऊन तसंच बनवायचं. पहिल्या फेरीत ऐकणाऱ्यानं एक शब्द बोलायचा नाही. दुसऱ्या फेरीत हवे तेवढे प्रश्न विचारायचे. फरक पोरांना आपोआप दिसतो. पहिल्या फेरीत सांगणारा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा, आणि शेळ्या कुठल्या कुठं गेलेल्या असतात.

या खेळात मराठीची जी मजा बाहेर येते ती मी बालभारतीच्या कुठल्या धड्यातून काढू शकले नव्हते. एका जोडीचं बोलणं माझ्या अजून कानात आहे. मुलगा सांगतोय, 'लाल घे. त्याच्या वर पिवळा.' मुलीनं लालच्या डोक्यावर पिवळा दाबून बसवला. याच्या मनात पिवळा जमिनीवरच होता, लालच्या पुढं. शेवटी दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्यावर जुंपली.

'वर म्हंजी डोक्यावर न्हवं, पल्याड!'

'मग पल्याड म्हण की! वर म्हणलास तर मी वरच ठेवणार.'

'वहीत वर लिही म्हणल्यावर काय वहीच्या डोक्यावर लिहितीस का?'

बरोबर होतं त्याचं. आपण 'वर' म्हणजे माथ्यावर म्हणतो, पानाच्या शेंड्याकडं म्हणतो, गावातल्या चढाच्या आळीलाही वरची आळी म्हणतो. आणि तिचंही बरोबर होतं. दोघंही बरोबर असताना घोळ होतो, हे त्या वयात कळणं सोपं नाही. मोठ्यांनाही कळत नाही, बांधाची भांडणं बघा.

'आडवा' हा दुसरा घोळाचा शब्द, 'बाजूला' तिसरा. 'उजवीकडे' तर सगळ्यांचा बाप. पाठीला पाठ असली की दोघांचे उजवे हात विरुद्ध दिशांना असतात. म्हणून हुशार मूल मनातल्या मनात उलटं करून सांगायला जातं आणि सगळं बिघडवतं. ज्यानं त्यानं आपापली उजवी धरली की वस्तू मुकाट्यानं जुळते. हे समजायला माझ्या वर्गाला दोन तास लागले. मलाही पहिल्यांदा कागदावर दोन माणसं काढून बघावी लागली होती.

असे शब्द एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावा. 'घोळाचे शब्द' असं नाव द्या, आणि प्रत्येकासमोर पोरांनी ठरवलेला पर्याय लिहा. आमच्या पुठ्ठ्यावर 'बाजूला' खोडून 'दोन दाणे मोकळे सोडून' लिहिलेलं होतं. ही सूचना कुणाची होती सांगू? घरात कानडी बोलणाऱ्या एका मुलीची. मराठी तोडकंमोडकं, म्हणून वर्गात गप्प. पण सांगायची पाळी आली तेव्हा तिच्याकडं विशेषणं नव्हती, आकडे होते. 'निळा. चार दाणा. दोन मोकळा.' सगळ्या वर्गात तिच्या जोडीचं सगळ्यात लवकर जुळलं. तुमच्या भिंतीला टेकलेल्या मुलीबद्दल वाचलं तेव्हा मला तीच आठवली.

तिसऱ्या टप्प्यावर तिघांचे गट करा. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतले मानसतज्ज्ञ डॅनियल लगॉफ यांनी स्वमग्न मुलांना एकमेकांशी बोलतं करण्यासाठी ठोकळ्यांचा असा उपयोग केला आणि २००४ मध्ये त्याबद्दल लिहिलं. एक मूल इंजिनिअर, एक पुरवठादार, एक बांधणारा. चित्र फक्त इंजिनिअरला दिसतं, ठोकळे फक्त पुरवठादाराकडं असतात, जोडायचा हक्क फक्त बांधणाऱ्याला. कुणालाही एकट्याला काही करता येत नाही. स्वमग्न नसलेल्या मुलांनाही ते तितकंच लागू पडतं, फक्त त्यांचा दंगा जास्त असतो.

इथं माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, तुम्ही करू नका. ही पुस्तकी नावं नकोत म्हणून मी मोठ्या उत्साहानं 'इंजिनिअर, गवंडी, बिगारी' अशी नावं दिली. पोरांनी घरं बांधताना बघितलेली असतात, लगेच कळेल, असा माझा हिशोब. एक मुलगा त्या दिवशी एकदम गप्प झाला. त्याचे वडील बिगारी कामाला जायचे. मधल्या सुट्टीत तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, 'बाई, मला बिगारी करू नका, मी घरीपण तेच बघतो.' मी दुसऱ्या दिवशी नावं बदलली. नकाशेवाला, मालवाला, बांधवाला. आणि नियम केला की सात मिनिटांनी घड्याळ वाजलं की कामं फिरणार, काम अर्धवट असलं तरी.

हा फिरवण्याचा नियम ढिला सोडू नका. तुमच्याकडं मुलींनी ठोकळे गोळा केले, कारण घरी सांडलेलं गोळा करायची सवय त्यांना आहे आणि पोरांना नाही. 'मुलींनाही संधी द्या रे' असं सांगून काही होत नाही. संधी देणारा मालक होतो. घड्याळ कुणाचा मालक नाही.

मालवाल्याला एकच सूचना द्यायची: 'तो दे', 'ते लाल' असं म्हटलं तर द्यायचा नाही. रंग, दाणे आणि किती, तिन्ही सांगितलं तरच ठोकळा हलणार. तुमच्या गप्प मुलीला पहिल्यांदा मालवाली करा. तिला फार बोलावं लागत नाही, पण तिच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. 'काय?' आणि 'किती?' हे दोन शब्द पुरतात. दोन-चार दिवसांत ती तिसरा शब्द स्वतःहून बोलते. आणि त्या हुशार मुलाला नकाशेवाला करा, हात मागं बांधून. दोरीनं नव्हे हो, आपले आपण. समोर कुणीतरी चुकीचा ठोकळा लावतंय आणि आपल्याला हिसकावता येत नाही, हा त्याच्या आयुष्यातला पहिला अनुभव असेल. पहिल्या दिवशी तो रडकुंडीला येतो. आमच्याकडचा एकजण चक्क उठून पाणी प्यायला निघून गेला होता. परत आला तेव्हा आवाज दोन पट्ट्या खाली आला होता आणि सांगणं तुकड्यातुकड्यानं होऊ लागलं होतं.

तुमच्याकडं ३४ जण म्हणजे तिघांच्या दहा तिकड्या आणि एक चौकडी. खोक्यांभोवती बसवू नका. पोषण आहाराच्या ताटल्या घ्या, एका तिकडीला एक ताटली, वीसेक ठोकळे. पाच मिनिटांत वाटप होतं.

ऐकणं हे काम आहे, एवढं पोरांना कुठंतरी डोळ्यांनी दिसायला हवं. शक्य झालं तर एकदा मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत घेऊन या. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, लावणारा माणूस तारांखालच्या घोडीवर जरासं घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. माझा वर्ग तिथं दहा मिनिटं हूं की चूं न करता उभा होता. या वर्गाला मी कधी दहा मिनिटं गप्प बसवू शकले नव्हते. एकानं बाहेर आल्यावर विचारलं, 'बाई, ते ऐकायचेच पैसे घेतात का?'

एवढं झाल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी, पूल काढा. पण नुसता पूल नको. आयर्विन पूल.

१९२९ सालचा, कृष्णेवरचा, या काठावर सांगली आणि त्या काठावर सांगलवाडी. पावसाळ्यात अख्खा जिल्हा ज्याच्याकडं बघून झोपतो तो पूल. आयर्विनपाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे तुमच्या मुलांना पाढ्यांआधी पाठ असेल. खडूनं जमिनीवर फूटभर रुंदीची नदी काढा. एका काठावर एक तिकडी, ती सांगलीकर. दुसऱ्या काठावर दुसरी, ती सांगलवाडीकर. नदीच्या मधोमध साडी किंवा चादर आडवी लावा, पलीकडचं दिसता कामा नये. दोघांनी आपापल्या बाजूचा अर्धा पूल बांधायचा आणि शेवटी चादर काढल्यावर दोन्ही टोकं जुळली पाहिजेत. एक ठोकळा म्हणजे ५ फूट. म्हणजे धोका पातळी नवव्या ठोकळ्याला, साडेआठ सेंटिमीटरच्या जरा वर. रस्ता त्याच्या वर हवा. दहा तिकड्यांचे पाच पूल होतात, उरलेली चौकडी घड्याळ आणि वजनं सांभाळेल. ठोकळे कमी पडले तर नदी अरुंद करा, उन्हाळ्यात ती होतेच.

आणि एक होडी ठेवा. म्हणजे फळ्याखाली एक चौकोन. दर पाच मिनिटांनी दोन्ही काठांवरून एकेक जण होडीत येईल, रिकाम्या हातानं, आणि एक मिनिट बोलेल. ठोकळा दाखवायचा नाही, बोटांनी माप दाखवायचं नाही. पहिल्या वेळी कागदही नाही. दुसऱ्या वेळी कागद-पेन्सिल द्या. आकृती काढली की दहा वाक्यं वाचतात, हे त्यांचं त्यांना सापडू द्या.

आमच्याकडं काय झालं ते सांगते. महापुरानंतरची गोष्ट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सांगलीच्या काठावरचा एक मुलगा ऐकेना. 'नऊ ठोकळं न्हाईत पुरत. आमच्या घरात पाणी आलतं. मी बाराच करणार.' हिशोब त्याचा चोख होता, ५७ भागिले ५ म्हणजे अकराच्या वर. त्याच्या तिकडीनं मान्य केलं. आता हे पलीकडं सांगायला हवं. होडीत तोच गेला. एक मिनिटात त्यानं सगळं सांगितलं: रात्री पाणी कसं आलं, भांडी कशी तरंगत होती, शेळी माळ्यावर कशी चढवली. समोरची मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. मिनिट संपलं. दोघं आपापल्या काठावर गेले.

चादर काढली तेव्हा सांगलीचा अर्धा पूल बारा ठोकळ्यांवर आणि सांगलवाडीचा नऊवर.

भांडणाला सुरुवात झाली, 'मी सांगितलं होतं!' म्हणून. ती मुलगी शांतपणे म्हणाली, 'तू शेळीचं सांगितलंस. बारा म्हणाला न्हाईस.' वर्ग हसला नाही. तो मुलगा थोडा वेळ पुलाकडं बघत राहिला आणि म्हणाला, 'आरं हां.'

मग मी त्यांना मंगळाची गोष्ट सांगितली. डिसेंबर १९९८ मध्ये नासानं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' नावाचं यान सोडलं. नऊ महिन्यांचा प्रवास करून ते सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी पोचलं आणि गेलं ते गेलंच. चौकशीत निघालं की जमिनीवरच्या एका संगणक प्रणालीतून जोराचे आकडे पौंडाच्या हिशोबात येत होते आणि मार्ग काढणारे ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालले होते. तिकडं आकडा पोचला, एकक पोचलं नाही. आमच्या होडीत गोष्ट पोचली, आकडा पोचला नाही. पोरांना फार बरं वाटलं. नासावालेसुद्धा!

तुमचं गाव नदीकाठचं आहे, म्हणून एक सांगून ठेवते. पुराचं बोलणं निघेल. निघालं तर घड्याळ थांबवा, ऐका, आणि मगच खेळ पुढं न्या. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर त्या दिवशी पूल अर्धा राहिला तरी चालतो.

बांधकाम चालू असताना तुम्ही तोंड उघडायचं नाही. हे सगळ्यात अवघड. चुकीचा खांब दिसत असतो आणि आपला शिक्षकी हात शिवशिवतो. मी खिशात खडू घट्ट धरून ठेवते. त्या वेळात एक वही घ्या, मुलांची नावं लिहा आणि नुसत्या रेघा मारा: कुणी प्रश्न विचारला, कुणी समजावून सांगितलं, कुणी दुसऱ्याचं ऐकून आपलं बदललं. तिसऱ्या रकान्यात रेघा फार कमी पडतात. पडली की मला तरी त्या दिवशी घरी जाताना हलकं वाटतं. उंच पूल, सुंदर पूल यांना बक्षीस बिलकुल नको. बक्षीस लावलं की हुशार मुलगा पुन्हा सगळं ओढून घेणार.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा, बांधकाम अपुरं राहिलं तरी. तेव्हाच तर खरा तास होतो. 'छान केलंत, टाळ्या वाजवा' असं करून मिटवू नका. विचारायचं ते असं: कुठल्या शब्दानं घोळ झाला? घोळ झालाय हे कुणाला आधी कळलं? कळल्यावर त्यानं ते कुणाला सांगितलं का? तिसऱ्या प्रश्नाला नेहमी शांतता पसरते, कारण बहुतेक वेळा कळलेलं असतं आणि सांगितलेलं नसतं.

शहरातल्या शाळांचं म्हणाल तर, आपल्या लहानपणी जोंधळ्याच्या धाटाची बैलगाडी कुणी शहरातून शिकवायला आलं होतं का? चार खोकी उद्या झिजली, हरवली, तर धाटं घ्या, काड्यापेट्या घ्या, सुताराकडचे तुकडे घ्या. प्लॅस्टिकच्या ठोकळ्याचा गुण एवढाच की तो अचूक बसतो आणि बिघडलं की उसवून पुन्हा करता येतं. फक्त बाजारातले स्वस्त ठोकळे त्यात मिसळू नका, ते धड बसत नाहीत आणि मग मुलं शब्दांऐवजी ठोकळ्यांशी भांडतात. आणि तास संपला की मोजून परत घ्या. हे कामही फिरतं ठेवा, नाहीतर पुन्हा मुलीच मोजतील.

राहिले मुख्याध्यापक. त्यांना खेळणी म्हटल्याबद्दल नावं ठेवू नका. ज्या लेगो कंपनीनं १९५८ मध्ये या ठोकळ्याचं पेटंट घेतलं, तिचं नावच 'चांगलं खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून आलंय. त्यांना नवोदयची काळजी आहे आणि ती खोटी नाही, तुमच्या तालुक्यातच नवोदय आहे, गावोगावचे पालक विचारत असणार. त्या परीक्षेत ८० प्रश्नांपैकी ४० मानसिक क्षमतेचे, आणि ते सगळे आकृत्यांचे. आकृती फिरवून बघणं, उलटी धरणं, तुकडा कुठं बसतो ते ओळखणं. पाठीला पाठ लावून पोरं तेच करत असतात, हे त्यांना सांगा. पण ठोकळ्यांनी मार्क वाढतील असं कबूल करू नका. ते कुणाला ठाऊक नाही, आणि निकाल लागला की तुमचाच शब्द तुमच्यावर फिरेल. तासिका मागायचीच तर शनिवारची मागा. आनंददायी शनिवार शासनानंच आणलाय, त्यात हे सहज बसतं.

आणि ज्या दिवशी पूल जुळेल त्या दिवशी भार तपासायला त्यांना बोलवा. किराणा दुकानातून वजनं मागून आणा, मिळतात, परत द्यायच्या बोलीवर. चौकडीतलं एखादं पोर त्यांच्या हातात एकेक वजन देईल आणि सगळा वर्ग पालथा पडून पुलाच्या मधोमध बघत राहील. सुरुवात ५० ग्रॅमपासून करायला सांगा. मुख्याध्यापक एकदम अर्ध्या किलोचं उचलतात, माझा अनुभव आहे.